आठ कड्या कमी

४ तारीख, मंगळवार

ही वही ताईने दिली. म्हणाली, "मनातलं हिच्यात ओत, म्हणजे मला फोनवर निम्मंच ऐकावं लागेल." थोरली बहीण असली की असं बोलायचा परवाना मिळतो. लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत लिहायचं ठरवलंय. समोर बावीस जणांच्या दातांचे प्लास्टरचे साचे वाळताहेत. सगळे माझ्याकडे बघून हसताहेत, पण वाचणारं कुणी नाही.

बातमी अशी की बाबा जाणार आहेत. येत्या एक तारखेला, माजी सैनिकांच्या वसतिगृहात. तिथे त्यांच्या पलटणीतले दोघे आहेत आणि एक खोली रिकामी होते आहे. रविवारी सकाळी चहा पिताना त्यांनी हे सांगितलं, आज ढगाळ आहे म्हणावं तसं. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एक्याऐंशी वर्षांचा माणूस, त्यातली एकोणीस वर्षं रणगाडा चालवण्यात गेलेली. त्यांनी ठरवलं की ठरलं.

आई गेल्यावर, आठ महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे आले. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे, कडेचं तेवढं धूसर दिसतं. दिवसभर खिडकीशी बसून असतात. हाक मारली तर ओ देतात, नाहीतर मूग गिळून गप्प.

वाईट वाटलं का? तसं नाही. थोडं हलकंच वाटलं म्हणा ना. गेल्या शुक्रवारीच ताईला फोनवर म्हटलं होतं, "दमले गं मी, लॅब आणि घर, दोन्हीकडे पुरत नाही." स्वयंपाकघरात उभी होते, भिंतीपलीकडे बाबांची खुर्ची. आणि रविवारी बाबांनीच प्रश्न सोडवला. योगायोग म्हणायचा.

जाताना त्यांना काहीतरी द्यावं म्हणून काल मॉडेलच्या दुकानातून एक खोकं आणलं. त्यांनी चालवला तोच रणगाडा, पस्तीसपट लहान. तीसेक वर्षं लोकांचे दात बनवते आहे, एक रणगाडा नाही जमायचा?

९ तारीख, रविवार

जमला. सांगाडा, बुरूज, तोफ, चाकं, सगळं बसलं. दातांपेक्षा सोपं, कारण रणगाडा "बाई, टोचतंय" म्हणत नाही.

बाबांच्या मांडीवर ठेवला. आधी म्हणाले, "काय आहे?" मग बोटं फिरायला लागली. तोफेवरून, झाकणावरून, चालकाच्या भोकावरून. तिथे बोट थांबलं. "इथे मी," म्हणाले. त्या रविवारची बातमी सोडली तर आठ महिन्यांत आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

मग बोट चाकांवरच्या पट्ट्यापाशी आलं आणि चेहरा पडला.

"हे काय लावलंयस?"

"पट्टा आहे, बाबा. खोक्यातच होता."

"पट्टा? हे इलॅस्टिक आहे. पायजम्यात घाल." बोटाने टुणकन ताणून दाखवलं. "पट्टा लोखंडाचा असतो. वरच्या बाजूला चाकांवर लोळतो, झोळ पडतो त्याला. कडी कडीपाशी वाकते. हा वाकत नाही, फिरत नाही. पट्टा फिरला नाही तर रणगाडा कसला, तिजोरी आहे नुसती."

मला राग यायला हवा होता, सहा संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. पण तिजोरी म्हणताना ते थोडे हसले होते. म्हटलं, बघते दुसरा मिळतो का.

१० तारीख, सोमवार

मिळतो. एक नाही, चार प्रकारचे. दुकानदाराला मी मनातल्या मनात चिमटा म्हणते, कारण तो सुटे पैसेसुद्धा चिमट्याने उचलून देईल अशा बेताचा आहे. त्याने काउंटरवर चार डब्या मांडल्या. पहिला प्लास्टिकचा, तुकडे चिकटवायचे. झोळ छान दिसतो, पण एकदा चिकटला की हलत नाही. दुसराही प्लास्टिकचा, पण एकेक कडी टिचकीसारखी दुसरीत अडकते. फिरतो, फक्त जास्त हाताळलं की सुटतो. तिसरा रेझिनचा, मशीनवर थराथराने छापलेला. चौथा कथिलाचा ओतीव, प्रत्येक कडीला भोक पाडायचं आणि तारेची पिन ओवायची.

"चौथा कोण घेतं?" मी विचारलं.

"ज्याला दुसरं काम नाही तो," चिमटा म्हणाला. "एका बाजूला ऐंशी कड्या, दोन बाजू. भोकं स्वतः साफ करायची."

रेझिनची कडी भिंगाखाली धरली आणि माझा जीव तिच्यावर जडला. काय रेखीव काम, बोल्टच्या डोक्यावरची खाचसुद्धा दिसत होती. आमच्या लॅबमध्ये इतकी नाजूक कॅप कुणी केली तर मालक तिची आरती ओवाळेल. पिनाही तयार, भोकंही तयार. तोच घेतला.

१३ तारीख, गुरुवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

काल संध्याकाळी रेझिनचा एक पट्टा जोडून बाबांना दिला. त्यांनी अंगठा टेकवून पट्टा पुढे सरकवला. फिरला. दुसऱ्यांदा सरकवला तेव्हा कट् असा आवाज झाला. मग अजून दोनदा, कट् कट्. तीन कड्या तुटल्या. मी म्हटलं, काही हरकत नाही, सुटे तुकडे आहेत. बाबांनी रणगाडा चाचपडत टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"माझी बोटं आता कामाची नाहीत," म्हणाले. "राहू दे. नुसता ठेवू कपाटावर."

मग जेवायलाही नको म्हणाले.

चूक माझी. बघणाऱ्यासाठी वस्तू निवडली आणि दिली न बघणाऱ्याच्या हातात. रोज वीस-बावीस लोकांच्या तोंडाची मापं घेऊन काम करणारी मी, घरच्या एका माणसाचं माप घेतलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

लॅबमधून सरळ दुकानात गेले. चिमट्याला म्हटलं, "मी डोळे मिटते. एकेक हातावर ठेवा. नाव सांगू नका."

तो चकित झाला, पण माणूस चांगला आहे. ठेवत गेला. पहिला, बाटलीचं झाकण असावं तसा. दुसरा कुरकुरीत. मग तळहातावर काहीतरी गार आणि जड पडलं. सहा-सात कड्यांचा नमुना, मी हात वाकवला तशा बोटावरून घरंगळल्या आणि एकमेकींवर आपटून बारीक खळखळल्या.

"हा," मी डोळे न उघडताच म्हटलं.

"चौथा," चिमटा म्हणाला. "तुम्हाला दुसरं काम नाही वाटतं."

१५ तारीख, शनिवार

सुट्टी. सकाळी धातूची एक कडी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली, नखाने वाजवली, दाताखाली धरून पाहिली.

"भोकात कुसळं आहेत," म्हणाले.

"ओतताना राहतात. मी काढीन बारीक ड्रिलने."

"तू भोकं साफ कर. ओवीन मी." मग थोडं थांबून, "जमलं तर."

अशी वाटणी झाली. मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ड्रिल फिरवते, तार कापून देते. ते दुसऱ्या टोकाला दोन कड्या एकमेकींत बसवून भोकं बोटाने जुळवतात आणि पिन सरकवतात. पिनेला गोंद अगदी शेवटी, पट्टा गाडीवर चढला की. पहिली पिन घालायला पंधरा मिनिटं लागली. मी तीनदा "द्या इकडे" म्हणायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. दुसरीला पाच मिनिटं. दिवसअखेर बारा कड्या झाल्या. काम संपल्यावर बाबांनी अंगठ्याने एकेक कडी मोजून मोठ्याने सांगितलं, "बारा हजर."

१६ तारीख, रविवार

तीस हजर.

डबीतल्या कागदावर ऐंशी कड्या लिहिल्यात. बाबा म्हणाले, एकोणऐंशीच लाव. नवा पट्टा ऐंशीचा असतो. पळून पळून पिना झिजतात, पट्टा लांबतो. मग एक कडी काढायची आणि पुन्हा ताण द्यायचा. "माझ्या गाडीचा एकोणऐंशीचा होता. सैल झाला म्हणून कुणी पट्टा फेकत नाही." एवढं लांबलचक ते आईशी तरी बोलत का, आठवत नाही.

१७ तारीख, सोमवार

संध्याकाळी बसलो तर सत्तावीस. काल तीस होत्या. शेवटच्या तीन कड्या सुट्या होऊन ताटलीत पडलेल्या, पिना गायब. बाबांनी मोजून गंभीरपणे सांगितलं, "तीन गैरहजर." तार बारीक असावी. पिना जमिनीवर शोधल्या, मिळाल्या नाहीत. उठताना एकोणचाळीस.

१८ तारीख, मंगळवार

आजही तीन कमी. छत्तीस. हे लक्षण ठीक नाही, पण आम्ही जोर लावला आणि पन्नासवर गेलो. बाबांचा हात बसलाय. ड्रिल बंद करताना मनात हिशेब केला. या गतीने दोन्ही पट्टे महिना संपायच्या आत पुरे. रणगाडा तयार, बाबा तयार, ताईची गाडी तयार.

चांगलं आहे की. मग पोळ्या का करपल्या, कोण जाणे. गॅस मोठा असेल.

१९ तारीख, बुधवार

वही माझीच आहे, खोटं कशाला लिहू? सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी पट्ट्याच्या शेवटच्या पाच पिना पक्कडीने उपसल्या आणि कड्या ताटलीत टाकल्या. पिना माझ्या डबीत. घाईत केलेलं काम नीट होत नाही, एवढंच कारण. लॅबमध्येही मी नेहमी हेच सांगते.

संध्याकाळी पाच कमी निघायला हव्या होत्या. पंचेचाळीस. बाबांनी दोनदा मोजल्या.

"बेचाळीस," म्हणाले. "आठ कमी."

आणि माझ्या दिशेने तोंड करून बसले. मी म्हटलं, "तारच खराब आहे." ते म्हणाले, "असेल." दोघंही कामाला लागलो.

२१ तारीख, शुक्रवार

काल आठ कमी, आज आठ कमी. मी रोज पाचच काढते. चिमट्याकडे जाऊन तारेची तक्रार केली. त्याने तार भिंगाखाली पाहिली, एका कडीत घालून हलवली, काउंटरवर आपटली.

"ताई, ही अशी निसटत नाही. कुणी ओढल्याशिवाय नाही. घरात कोण असतं?"

"मी आणि वडील."

"तुम्ही काढत नाही ना?"

"मी कशाला काढीन?" कान तापले माझे.

"मग वडील?"

"त्यांना दिसत नाही. शिवाय त्यांना तर पट्टा हवाय. जायच्या आधी."

"कुठे जायच्या?"

सांगितलं. चिमटा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू आलं. ते लपवायला खाली वाकून काहीतरी शोधू लागला. हसण्यासारखं त्यात काय होतं? धंदेवाईक माणसं शेवटी आपलीच बाजू घेणार. तारेचं नवं भेंडोळं मात्र फुकट दिलं.

२३ तारीख, रविवार

बाबांनी दिवसभर गोष्टी सांगितल्या. एकदा चिखलात पट्टा उतरला, चौघांनी पहारी लावून चढवला आणि पन्नास पावलांवर पुन्हा उतरला, कारण उलटा चढवला होता. "कुणी चढवला?" मी विचारलं. "तुझा बाप," ते म्हणाले. इतकी हसले की ड्रिलचं टोक मोडलं.

हल्ली काम धिम्याने चाललंय. ओवता ओवता थांबतात, चहा मागतात, दुसऱ्यांदा मागतात. पण खुललेत. सकाळी दाढी करताना शीळ घालत होते. जायचा दिवस जवळ आला म्हणून खुलले असणार. तिथे मित्र आहेत, बोलायला माणसं आहेत. इथे काय, मी आणि भिंती. हे लिहिताना रडू आलं.

२६ तारीख, बुधवार

ताईचा फोन. "सोमवारी दहाला गाडी घेऊन येते. त्यांचं सामान बांधून ठेव. आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"तुला नको असेल तर त्यांना सांग ना, थांबा म्हणून."

"त्यांनी ठरवलंय. मी कोण अडवणारी?"

"तुम्ही दोघं म्हणजे ना," ताई म्हणाली. "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही." फोन ठेवून दिला.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय आहे, हे मान्य. पण बाबांना राहायचं असतं तर बोलले असते. लष्करातला माणूस, ते कशाला लपवाछपवी करतील?

आज आठ कमी.

२९ तारीख, शनिवार

रात्रंदिवस ओवलं तरी आता सोमवारपर्यंत होणार नाही. एक पट्टासुद्धा पुरा नाही. पंचावन्न हजर. अर्धवट रणगाडा बरोबर द्यावा लागणार. पाच पाच काढून मी काय मिळवलं? तारीख तिच्या जागी आहे, फक्त बाबांचा पट्टा राहिला.

३० तारीख, रविवार

सकाळी नऊला बॅग काढली. शर्ट, पायजमे, स्वेटर, औषधांची डबी. टेबलाच्या खणात त्यांचा चष्म्याचा डबा होता. चष्मा दोन वर्षांपासून लावत नाहीत, उपयोग नाही म्हणून. घ्यावा की नाही म्हणून उघडला.

आत चष्मा नव्हता. पिना होत्या, तारेच्या, माझ्या हाताने कापलेल्या. पलंगावर बसून मोजल्या. एकोणचाळीस.

सतरा तारखेपासून कालपर्यंत तेरा दिवस. तेर त्रिक एकोणचाळीस. शाळेत हा पाढा कधी पाठ झाला नव्हता, आज एका झटक्यात आला.

डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हलवला. आतला आवाज त्यांनी ओळखला. चेहऱ्यावरून कळलं, पण मान खिडकीकडेच.

"बाबा, हे काय?"

"सुटे भाग."

"रोज तीन काढत होतात?"

"तीनच." मग म्हणाले, "जास्त काढल्या असत्या तर तुझ्या लक्षात आलं असतं."

"पण का?"

रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली. "तू दमली होतीस," म्हणाले. "भिंत पातळ आहे, धाकटे. ऐकलं मी. मग खोलीचं बोललो. वाटलं, तू थांबा म्हणशील. तू बरं म्हणालीस."

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही तर सांगितलंत."

"मला विचारायला जमत नाही. तुझ्या आईला पण कधी जमलं नाही मला." हात पुढे करून त्यांनी हवेत माझं मनगट शोधलं, सापडलं. "आता माझ्या हिशेबाचं सांग. मी रोज तीन काढत होतो. पहिले दोन दिवस तीनच कमी निघाल्या. एकोणीस तारखेपासून आठ निघताहेत. पाच कोण काढत होतं?"

मी खाली जमिनीवर बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि पन्नाशीची बाई लहान पोरीसारखी रडले. त्यांचा अंगठा माझ्या डोक्यावरून एका रेषेत सरकत होता, पुन्हा पुन्हा, कड्या मोजाव्यात तसा.

"कळलं होतं मला, पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "पण पाच जरा जास्तच हं. तीन केल्या असत्यास तर एव्हाना एक पट्टा झाला असता."

"मी दमते हे खरं आहे," मी म्हटलं. "तेही ऐका. दमते. पण तुम्ही जाऊ नका."

"मग सकाळचा चहा मी करतो. तुझं दमणं तेवढं कमी. जुना पट्टा आहे, एक कडी काढून चालतो का बघू."

ताईला फोन केला. पहिल्या वाक्यालाच म्हणाली, "शेवटी बोललात का? मग मी नुसती जेवायला येते." वसतिगृहात बाबांनी स्वतः फोन केला आणि मित्राला सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या, इथे गाडी दुरुस्तीला आहे.

१ तारीख, सोमवार

लॅबला दुपारपर्यंत दांडी. सकाळी चहा बाबांनी केला. साखर दोनदा पडली, एक कप फुटला. मी चहा सगळा प्यायले.

ताई दहाला आली. बाबांनी तिलाही भोकं साफ करायला बसवलं. तिने दोन ड्रिलची टोकं मोडली आणि आम्हाला वेड लागलंय असं जाहीर केलं. जाताना दारात मला जवळ घेतलं, वही कुठवर आली विचारलं. म्हटलं, संपत आली, दुसरी आण.

२ तारीख, मंगळवार

काल उठताना एकसष्ट हजर. आज संध्याकाळी बसायच्या आधी बाबांनी पट्टा हातात घेतला, पहिल्या कडीवर अंगठा ठेवला आणि सावकाश शेवटपर्यंत मोजत गेले. मी ड्रिल थांबवून ऐकत होते.

एकसष्ट.